वाचकांचे प्रश्न: मुंबईच्या समुद्राखाली काय आहे?

गेल्या अंकात भरतीच्या तक्त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यानंतर समुद्रावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर सगळंच्या सगळं त्यालाच देऊन टाकलंय. बाकीच्या विषयांवर ज्यांनी लिहिलंय त्यांनी प्लीज पुढच्या अंकापर्यंत थांबा. मला हे प्रश्न वाचून खरंच खूप आनंद झाला, कारण मुंबईत आपण समुद्राकाठी राहतो पण बघतो ते फक्त वरचं, मरीन ड्राइव्हला बसायचं, लाटा बघायच्या, फोटो काढायचे आणि घरी. खाली काय आहे हे कुणी विचारत नाही. या वेळी तुम्ही नेमकं तेच विचारलंय.

प्रश्न: आमचे सासरे मोबाइलला हात न लावता भरतीची वेळ सांगतात. आज तिथी कुठली ते बघतात, तिची पाऊणपट करतात, झालं. मुलगा अकरावी सायन्सला आहे, तो म्हणतो समुद्र काय पंचांग वाचून चालतो का. घरात रोज वाद. मॅडम, कोण बरोबर? (वेसावे कोळीवाडा)

ताई, सासरे बरोबर. आणि मुलाला सांगा की यात सायन्सच भरलंय, त्याने फक्त कागद-पेन घेऊन बसायचंय.

तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला त्याचं माप, एक तिथी म्हणजे बारा अंश. भरती येते मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे, सूर्याचा वाटा निम्म्याहून कमी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो म्हणून भरतीची वेळही रोज तेवढीच पुढे सरकते. आता सासऱ्यांचा हिशोब लावा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि पहाटेही, कारण दिवसात दोन भरत्या येतात. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून, एकपासून सुरू.

आता बारीक गोष्ट. बारा अंश सरकायला घड्याळाच्या हिशोबात अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस, म्हणजे दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात आणि पंधराव्या तिथीला ती साठून पाऊण तास होतात. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, पण मुंबईत पौर्णिमेला भरती येते ती बाराच्या आसपास. म्हणून पौर्णिमा-अमावास्या जवळ आली की सासऱ्यांच्या वेळेत अर्धा-पाऊण तास मिळवा, आकडा जुळेल. जुन्या लोकांना पाऊणकी तोंडपाठ होती, होडीत बसून मनातल्या मनात करता येईल असा हिशोब हवा होता, त्यांनी तो काढला, आणि तो शेकडो वर्षं पुरला. मला तर या हिशोबाचं फार कौतुक वाटतं. पण तो आपल्या किनाऱ्याचा आहे हे लक्षात ठेवा, चेन्नईला जाऊन लावाल तर चुकेल, कारण चंद्र डोक्यावर आल्यावर भरती यायला किती वेळ लागतो हे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं.

यातून एक गोष्ट निघते जी मुंबईकरांनी लक्षात ठेवायला हवी. उधाणाची भरती पौर्णिमा-अमावास्येला किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांत येते, आणि त्या दिवसांत मुंबईत भरतीची वेळ असते दुपारी बारा ते दोन आणि रात्री बारा ते दोन. म्हणजे आपल्याकडे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या ऐन दुपारी नाहीतर मध्यरात्रीच येतात. पालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते ती यंदा नीट बघा, वेळांचा कॉलम वाचा, खात्री पटेल. त्या वेळेला जोराचा पाऊस आला की नाल्यांचं पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही, उलट समुद्रच नाल्यात शिरायला बघतो.

प्रश्न: माझं माहेर मालवणचं. तिथे पाणी काचेसारखं, भरती-ओहोटीचा फरकही बेताचा. जुहूला मात्र पाणी कायम मातकट आणि ओहोटीला समुद्र कुठच्या कुठे जातो. हे सगळं फक्त घाणीमुळे का? (कांदिवली)

घाण आहे, ती आपण केलेली आहे आणि त्याला माफी नाही. पण गढूळपणाचं आणि मोठ्या ओहोटीचं मुख्य कारण तळाचा आकार आहे, आणि हा भाग मला जरा सविस्तर सांगायचाय.

जुहूच्या किनाऱ्यावरून सरळ पश्चिमेला निघालात तर समुद्र लगेच खोल होत नाही. जमिनीचाच एक सपाट भाग पाण्याखाली पुढे गेलेला असतो, त्याला भूखंडमंच म्हणतात, शाळेच्या पुस्तकात समुद्रबूड जमीन असा शब्द होता तो हाच. मुंबईसमोर हा मंच जवळपास तीनशे किलोमीटर रुंद आहे, भारताच्या किनाऱ्यावर खंबातच्या आखातासमोर आणि मुंबईसमोर तो सगळ्यात रुंद, खाली दक्षिणेला कोचीकडे जाता जाता तो साठेक किलोमीटरवर येतो. आता तीनशे किलोमीटर जाऊन खोली होते किती, तर शंभर मीटरच्या आसपास. भागाकार करून बघा, एक किलोमीटर पुढे गेलं की तळ फूटभर खाली जातो. एवढा उतार डोळ्याला दिसणारच नाही, त्यावर क्रिकेटचं पिच टाकलं तर कुठल्या टोकाला उतार आहे ते अंपायरलाही कळणार नाही. मंच संपला की मात्र तळ झपकन उतरतो, हजार, दोन हजार, साडेतीन हजार मीटर, आणि खरा अरबी समुद्र तिथून सुरू होतो. आपण ज्याला समुद्र म्हणतो, जिथे मच्छीमार बोटी जातात, जिथे तेलाचे प्लॅटफॉर्म उभे आहेत, तो सगळा या बुडालेल्या जमिनीवरचा उथळ थर आहे.

भरतीची लाट खोल समुद्रातून येते तेव्हा ती जेमतेम हाताच्या मापाची असते. ती या उथळ मंचावर चढली की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढत जाते, त्यात उत्तरेला खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलंय, तिथे पाण्याला पसरायला जागा नाही म्हणून ते अजून चढतं. म्हणून गोव्यात उधाणाला फरक दोन मीटरच्या आसपास, मुंबईत पाच मीटरपर्यंत आणि खंबातला तर दहा मीटर. कोचीला जेमतेम एक मीटर. त्याच क्रमाने बघा, उत्तरेकडे जावं तसा मंच रुंद होत जातो आणि भरती मोठी होत जाते. जुहूसारख्या जवळजवळ सपाट पुळणीवर पाणी पाच मीटर उतरलं की आडवं ते शेकडो मीटर मागे जाणारच.

आणि एवढं पाणी सहा-सहा तासांनी आत-बाहेर करायचं म्हणजे प्रवाह जोरात हवा, तो तळाचा गाळ खाली बसूच देत नाही. नर्मदा आणि तापी खंबातच्या आखातात गाळ आणून टाकतात, इकडे ठाण्याची खाडी, वसईची खाडी, मालाडची खाडी आपापला चिखल देतात, आणि पाणी उथळ असल्यामुळे पावसाळ्यातल्या लाटा तळापर्यंत पोचून तो ढवळून काढतात. म्हणून मुंबईत एकही माणूस नसता तरी इथलं पाणी मालवणसारखं निळं दिसलं नसतं. मातकट पाणी म्हणजे आजारी पाणी असं समजू नका, याच चिखलावर तिवरं उभी राहतात, कोळंबीची पिल्लं वाढतात, आणि शिवडीला रोहित पक्षी येतात ते या चिखलातलं खायला. सांडपाण्याचा प्रश्न वेगळा आहे, तो डोळ्याला दिसत नाही आणि म्हणून जास्त गंभीर आहे.

एक अजून, कारण मला राहवत नाही. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, जगातलं पुष्कळ पाणी बर्फ होऊन जमिनीवर साठलेलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे हा आख्खा मंच कोरडा होता. किनारा आजच्या मुंबईपासून दोनशे-तीनशे किलोमीटर लांब आणि मधे उघडी जमीन. आज बॉम्बे हायचे तेलाचे प्लॅटफॉर्म मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर पाण्यात उभे आहेत, त्या काळी तिथपर्यंत पायी जाता आलं असतं. तिथलं तेल १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगवरून ड्रिल करताना सापडलं, ते आहे मंचाच्या खालच्या चुनखडकात, आणि हा चुनखडक झाला तोच मुळात उथळ, उबदार, गाळ कमी असलेल्या समुद्रात राहणाऱ्या जीवांच्या कवचांपासून. आणि किनारा सरकल्याची खूण हवी असेल तर ती ऐन शहरात मिळालीय, १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली खैराच्या झाडांचे बुंधे निघाले, त्यातले काही जागच्या जागी उभे. जिथे पुढे जहाजं लागली तिथे खाली जंगल होतं.

प्रश्न: खाली खाली खणत गेलो तर आपण अमेरिकेत निघू का? (इयत्ता सहावी, ठाणे)

नाही रे दोस्ता, तू निघशील पाण्यात. मुंबई-ठाण्याच्या बरोबर पाठीमागे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर आहे, ईस्टर आयलंड नावाचं बेट नकाशात शोध, त्याच्या उत्तरेला साधारण नऊशे किलोमीटरवर. जमीन नाहीच आसपास.

पण तिथे पोचणार कसा? आधी लागेल कवच, आपल्याखाली ते पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड आहे आणि महासागरांच्या तळाखाली फक्त सहा-सात किलोमीटर. माणसाने आजवर खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२,२६२ मीटर, जवळपास वीस वर्षं खणलं आणि तिथे १८० अंश तापमान लागल्यावर थांबावं लागलं. म्हणजे कवचसुद्धा पार झालं नाही. त्याखाली प्रावरण, ते जातं २,९०० किलोमीटरपर्यंत. आणि हे नीट ऐक, कारण चित्रात ते लालभडक लाव्हासारखं काढलेलं असतं म्हणून सगळ्यांचा गैरसमज होतो, प्रावरण हा घट्ट दगड आहे, पण इतका तापलेला की लाखो वर्षांत हळूहळू सरकतो. त्याच्या खाली लोखंड-निकेलचा पातळ गाभा, आणि ५,१५० किलोमीटरपासून पुढे केंद्रापर्यंत, म्हणजे ६,३७१ किलोमीटरपर्यंत घट्ट गाभा.

तू विचारशील की खणलं नाही तर कळलं कसं. घरी कलिंगड आणताना आजोबा बोटाने वाजवून आतलं ओळखतात ना, तसंच भूकंपाचे धक्के पृथ्वीच्या आतून जाऊन दुसऱ्या बाजूला निघतात ते ऐकून कळलं. काही प्रकारच्या लाटा पातळ पदार्थातून जाऊच शकत नाहीत, त्या कुठे गायब होतात ते बघत जायचं. आणि यात आपल्याकडचा मोठा धागा आहे, रिचर्ड ओल्डहॅम नावाचा माणूस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करायचा, १८९७ चा आसामचा प्रचंड भूकंप त्याने अभ्यासला, आणि पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे भूकंपाच्या नोंदींवरून दाखवून दिलं. आतला घट्ट गाभा डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये शोधला.

प्रश्न: आम्ही अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या जवळ राहतो. ती टेकडी ज्वालामुखीची आहे असं कळल्यापासून मिसेस घाबरलीय. पुन्हा कधी उसळणार तर नाही ना? (अंधेरी पश्चिम)

वहिनींना सांगा निवांत झोपा. तिथून ज्वालामुखी निघून गेलाय, खरंच निघून गेलाय, ते पुढे सांगते.

आधी एकदा दोघं मिळून त्या टेकडीखाली उभे राहा, वर गावदेवीच्या देवळात जायच्या आधी खाली जिथून दगड कापलेला आहे तिथे. काळे पाचकोनी-सहाकोनी खांब एकाला एक लागून सरळ वर गेलेत, जवळपास दोनशे फूट. हे कुणी घडवलेले नाहीत. लाव्हाचा खूप जाड साठा एका जागी सावकाश थंड झाला, थंड होताना आकसला, आणि आकसताना त्याला वरून खाली सरळ भेगा पडत गेल्या. खांबाच्या कडेला हात लावून बघा, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची भेग आहे ती.

हा सगळा दख्खनचा लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर असा पसरत गेला, सह्याद्रीचे कडे म्हणजे तेच थर. दोन थरांच्या मधे बराच काळ शांततेचाही गेला, तळी साठली, त्यात जीव राहिले. वरळीच्या टेकडीत अशा तळ्याच्या गाळाचा दगड आहे आणि त्यात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडलेत, एकोणिसाव्या शतकातच त्यांचं वर्णन झालं, इंडोबॅट्राकस असं त्यांचं नाव. आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे गोड्या पाण्याचं तळं आणि त्यात बेडूक!

मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात हे लाव्हाचे थर सपाट नाहीत, पश्चिमेला समुद्राकडे कललेले आहेत, आणि तसेच पाण्याखाली पुढे गेलेत. बॉम्बे हायच्या खाली चुनखडक संपल्यावर काही ठिकाणी हाच काळा दगड लागतो. हे थर वाकले कारण त्याच सुमाराला जमीन फाटत होती. आजची सेशेल्स बेटं तेव्हा आपल्याला चिकटून होती, ती सुटली आणि मधे अरबी समुद्राचा तळ तयार होत गेला. मुंबईचा किनारा म्हणजे त्या फाटलेल्या कापडाची आपल्याकडची कड.

आता ज्वालामुखी कुठे गेला ते. खरं म्हणजे आपण गेलो. खोलवरून येणारा तो तापलेला झोत बहुतेक होता तिथेच राहिला आणि भारताची प्लेट, म्हणजे आपण ज्यावर बसलोय तो पृथ्वीच्या वरच्या थराचा मोठा तुकडा, त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेली, त्या काळात वर्षाला पंधरा सेंटीमीटरपर्यंत, आता पाचेक. सरकताना मागे एक माग राहिला, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस. नकाशावर बोट फिरवा, सलग जातं. आज तो झोत आहे रियुनियन बेटाखाली, मुंबईपासून साडेचार हजारहून जास्त किलोमीटर लांब, आणि तिथला ज्वालामुखी अजून जवळपास दरवर्षी उसळतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांबद्दलही लोक विचारतात, तर तिथे पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जाऊन तापून वर येतं, त्याचा ज्वालामुखी जागा होण्याशी संबंध नाही.

प्रश्न: समुद्राला तळ आहे तर पाणी जमिनीत झिरपून संपत कसं नाही? (माहीम)

प्रश्न साधा वाटतो पण फार खोलातला आहे, कारण पाणी झिरपतं. समुद्राच्या तळाखाली जिथे भेगा आहेत तिथे ते किलोमीटर-दोन किलोमीटर खाली जातं, तापतं आणि गरम झऱ्यांतून परत वर येतं. असे झरे १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ पहिल्यांदा दिसले. काही झऱ्यांचं पाणी साडेतीनशे अंशांच्या वर असतं आणि तरी उकळत नाही, कारण वर अडीच-तीन किलोमीटर पाण्याचा दाब आहे. अंधारात, सूर्याचा एक किरण नसताना, तिथे जीवांच्या वसाहती आहेत. आपल्या बाजूला अरबी समुद्राखालच्या कार्ल्सबर्ग रिज या डोंगररांगेवरही असे झरे सापडलेत. काही पाणी मात्र परत येत नाही, जिथे एक प्लेट दुसरीखाली जाते तिथे ते दगडाच्या घडणीतच अडकून प्रावरणात जातं आणि खूप काळाने ज्वालामुखीच्या वाफेतून बाहेर पडतं. म्हणजे चक्र आहे, पावसाच्या चक्रासारखंच, फक्त कोट्यवधी वर्षांचं.

प्रश्न: समुद्र जमिनीपेक्षा जुना की नवीन? (परळ)

पाणी फार जुनं, पण तळ नवीन. जमिनीवर तीनशे कोटी वर्षांहून जुने दगड मिळतात, महासागरांचा तळ मात्र बहुतेक सगळीकडे वीस कोटी वर्षांच्या आतला आहे. कारण तो सतत तयार होतो आणि सतत गिळला जातो. मुंबईच्या नैऋत्येला सुमारे दोन हजार किलोमीटरवर कार्ल्सबर्ग रिज म्हणून पाण्याखालची डोंगररांग आहे, तिच्या मधल्या भेगेतून लाव्हा वर येतो, थिजतो आणि दोन्हीकडे सरकतो, वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर. आपली नखं वाढतात साधारण तेवढंच.

आणि हे मला आवर्जून सांगायचंय, कारण आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं, तळ सरकतो याचा महत्त्वाचा पुरावा याच रिजवरून मिळाला. १९६२ मध्ये एचएमएस ओवेन या जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी तिथे तळाच्या दगडांचं चुंबकत्व मोजलं. थिजणारा लाव्हा त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची नोंद धरून ठेवतो, ही दिशा अधूनमधून उलटते, शेवटची उलटली ती सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने आकडे मांडल्यावर रिजला समांतर सुलट-उलट असे पट्टे दिसले, आणि १९६३ मध्ये दोघांनी ते छापलं. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, अमेरिकेत मेरी थार्प यांनी अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढताना डोंगररांगेच्या मधोमध दरी दाखवली होती, तेव्हा बायकांना संशोधनाच्या जहाजावर घ्यायचेच नाहीत, म्हणून पुरुषांनी आणलेले खोलीचे आकडे टेबलावर मांडून त्यांनी ती दरी शोधली, आणि सुरुवातीला त्यांचं म्हणणं बायकी गप्पा म्हणून उडवून लावलं गेलं. दरी होती. आजही जगाच्या समुद्रतळाचा नीट, जहाजावरून आवाज सोडून मोजलेला नकाशा जेमतेम पाव भागाचाच झालाय.

प्रश्न: अरबी समुद्र जास्त खारट का? (वडाळा)

कारण इथे बाष्पीभवन जास्त आणि गोडं पाणी आणणाऱ्या नद्या कमी. जगाच्या समुद्रात लिटरमागे सरासरी पस्तीस ग्रॅम क्षार, आपल्याकडे वरच्या थरात छत्तीसच्या आसपास, बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेमुळे बरेच कमी. तुमच्या वडाळ्याची मिठागरं त्यावरच चालायची.

प्रश्न: २००४ ची त्सुनामी पूर्व किनाऱ्याला आली. मुंबई त्या बाबतीत सेफ आहे ना? (कुलाबा)

काका, पूर्ण सेफ म्हणता येत नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या दक्षिणेला, आठच्या वरचा भूकंप झाला. तिथे अरबी समुद्राचा तळ दुसऱ्या प्लेटखाली जातोय. त्याची त्सुनामी सकाळी मुंबईत पोचली, लाटा सुमारे दोन मीटर, आणि मुंबईत माणसं वाहून गेली. दोन मीटर ऐकायला कमी वाटतं, पण त्सुनामीची लाट नेहमीसारखी येऊन फुटत नाही, आख्खा समुद्र चढत येतो आणि परत जाताना ओढून नेतो. भर उधाणात आली तर वेगळंच चित्र.

चांगली बाजू ही की मकरानहून इथे लाट यायला काही तास लागतात, आणि तेही याच उथळ मंचामुळे, उथळ पाण्यात तिचा वेग पडतो. २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत त्सुनामीचं इशारा केंद्र चोवीस तास सुरू आहे. इशारा आला तर बघायला म्हणून चौपाटीवर जायचं नाही, पक्क्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जायचं आणि पहिली लाट गेली म्हणून खाली उतरायचं नाही, कारण लाटा तासन्‌तास येत राहतात आणि दुसरी-तिसरी पहिलीपेक्षा मोठी असू शकते. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे एकदा बोला.

प्रश्न: मुलगी बारावीला आहे, समुद्रविज्ञान शिकायचं म्हणते. घरात सगळे म्हणतात इंजिनिअरिंग कर. (मुलुंड)

वहिनी, शिकू द्या तिला. मुंबईत राहूनच सुरुवात होते, झेवियर्समध्ये बीएस्सीला जिऑलॉजी आहे, किंवा फिजिक्स-केमिस्ट्री-झूलॉजी कशातूनही पुढे येता येतं, मग गोवा विद्यापीठ किंवा कोचीचं कुसॅट विद्यापीठ इथे एमएस्सी. काम करायला गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ ची, तिचं केंद्र आपल्याकडे अंधेरीत चार बंगल्याला आहे. चेन्नईची एनआयओटी ही समुद्र-तंत्रज्ञानाची संस्था मत्स्य ६००० नावाची पाणबुडी बनवतेय, तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी, तर इंजिनिअर झाली तरी वाट बंद होत नाही. २०१५ मध्ये आपल्याच समुद्रात, मुंबईच्या पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात, एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने तळाखाली एक किलोमीटरहून जास्त ड्रिल करून गाळ आणि दगड काढले, त्यात भारतीय शास्त्रज्ञ होते. त्या गाळात हिमालयातून सिंधूने आणलेली माती आहे, मान्सूनचा इतिहास आहे, आणि समुद्राखालून कोसळलेल्या प्रचंड दरडीचा थर आहे. त्या सगळ्यावर अजून काम बाकी आहे. आधी तिला एखाद्या रविवारी ओहोटीची वेळ बघून बँडस्टँडच्या खडकांवर घेऊन जा, पावसाळा सोडून, आणि पाणी चढायला लागायच्या आत परत या.